एका जपानी वानराचा पंचनामा

ज्या विषयाचे आपणांस काडीइतकेही ज्ञान नाही त्या विषयावर अखेरचा निर्णय देण्याचा अधिकार मनुष्यास दोनच पदांमुळे प्राप्त होतो: एक सरकारी कचेरीतील अव्वल कारकुनाचे पद आणि दुसरे बापाचे. पहिल्या पदावर बसून मनुष्य विहिरीत न डोकावता तिच्या पाण्याचा, शेतात पाऊल न टाकता पिकाच्या आणेवारीचा आणि इसमास डोळ्यांनी न पाहता त्याच्या हयातीचा दाखला तयार करू शकतो; दुसऱ्या पदावर बसून तो नाटक न पाहता नाटकास, कादंबरी न वाचता कादंबरीस आणि एक शब्दही न बोलता मुलाच्या मित्रास नापसंत करू शकतो. ही दोन्ही पदे यथाकाल उपभोगून मी आता निवृत्त झालेलो असल्यामुळे, आणि निवृत्त मनुष्यापाशी सवड व चष्मा ह्या दोन्ही गोष्टी विपुल असतात अशी लोकांची समजूत असल्यामुळे, बोदवडातील आमच्या आळीत कोणाच्याही घरी मुलांवरून पेच उद्भवला की तो कागदपत्रांसह माझ्या ओट्यावर दाखल होतो. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, मोटारसायकल कितव्या वर्षी द्यावी, वसतिगृहातून आलेल्या पत्रातील कोणती कलमे खरी मानावीत, असल्या प्रकरणांचे फैसले मी बिनदिक्कत दिलेले आहेत. परंतु गेल्या उन्हाळ्यात जे प्रकरण ओट्यावर आले त्याने माझ्या न्यायबुद्धीचा कस पाहिला. कारण त्यातील मुख्य आरोपी जपानी होता, त्यास बालपणी शेपूट होते, आणि क्रोध अनावर झाला असता त्याचे काळे केस सोन्यासारखे पिवळे होत.

प्रकरणाची हकीकत अशी की, आमच्या शेजारच्या अडत्यांच्या भाच्याने पुण्यात नोकरी लागताच नवे यंत्र विकत घेतले व आपले जुने प्लेस्टेशन, धाकट्या भावंडास जुना अंगरखा द्यावा तितक्या सहजतेने, बोदवडास धाडून दिले. यंत्राबरोबर एकच खेळ आला: ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’. योकोहामा येथील आर्क सिस्टम वर्क्स नामक मंडळीने तो घडविला असून बांदाई नामको ह्या कंपनीने २०१८ च्या जानेवारीत तो बाजारात आणला. त्या वेळी मे महिना चालू होता. खानदेशातील मे महिना म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळत असतो, भुसावळ-नागपूर मार्गावरील आमच्या स्टेशनाच्या फलाटावर कुत्रीसुद्धा सावली बदलण्यापुरतीच हालचाल करतात, आणि दुपारी बाहेर जाऊन खेळ असे मुलास सांगणे हे पालकत्वापेक्षा फौजदारी कायद्याच्या कक्षेत अधिक मोडते. अशा परिस्थितीत आठवीतून नववीत गेलेला तेरा वर्षांचा मुलगा, बंद खिडक्या, चालू कुलर आणि ते यंत्र ह्यांचा योग जुळून आला असता जे व्हावयाचे तेच झाले. आणि आतल्या खोलीतून रोज दुपारी स्फोटांचे व आरोळ्यांचे जे आवाज येऊ लागले त्यांवरून, घरात मुलगा एकटाच असून त्याच्या हाती एकही शस्त्र नाही, ह्या गोष्टीवर नवख्या माणसाचा विश्वास बसला नसता.

एके संध्याकाळी अडतेभाऊ व त्यांची मंडळी असे उभयता माझ्याकडे आले. बाईंची फिर्याद थोडक्यात व मुद्द्याची होती. “आबा, तुमीच सांगा,” त्या म्हणाल्या, “एक माणूस दुसऱ्याले उचलून डोंगरावर फेकते, डोंगर फुटते, आन् आपलं पोरगं टाळ्या वाजवते. लेकराले हे पाहू द्यावं का?” भाऊंनी मात्र कसलेल्या वकिलाप्रमाणे खेळाचा रिकामा डबाच पुराव्यादाखल पुढे केला. त्यावर १२ असा आकडा ठळक छापलेला होता. “पोरगं तेराचं आहे,” ते म्हणाले, “म्हणजे एक वर्ष शिल्लक राह्यते. मामला संपला.” मी डबा हाती घेतला, उलटसुलट पाहिला आणि त्यांना एवढेच विचारले की, “भाऊ, बाजारात गाडी आली म्हणजे गोणपाटावर कोणी लिहिलेला आकडा वाचून तुम्ही कापसाचा भाव फोडता काय?” ह्यावर भाऊंच्या मुद्रेवर जो व्यावसायिक अपमानाचा भाव उमटला तो मी विसरणार नाही. कापसाची गाडी आली की अडत्या कोपरापर्यंत हात आत खुपसतो, तळचा कापूस वर काढतो, चिमटीत धरून धागा ओढतो, त्यातील ओल, पत्ती आणि कवडी डोळ्यांनी व बोटांनी जोखतो, आणि मगच तोंड उघडतो. कारण वरचा थर पांढराशुभ्र ठेवून खाली काय दडविता येते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? मग तीस वर्षे कापसात हात घालणाऱ्या ह्या गृहस्थाने स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र गोणपाटावर विश्वास ठेवावा, हे मला तर्कदृष्ट्या असमर्थनीय वाटले, आणि खेळाची समक्ष पाहणी करून पंचनामा करण्याचे मी ठरविले.

पाहणीस जाण्यापूर्वी डब्यावरील आकड्याचा पूर्वेतिहास मात्र समजून घेतला पाहिजे, कारण जगातील पुष्कळशा मोहोरांप्रमाणे हीही मोहोर एका भांडणातून जन्मास आलेली आहे. १९९२ साली अमेरिकेत ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाचा एक मल्लयुद्धाचा खेळ निघाला. त्यात विजयी योद्धा पराभूताचे काळीज उपटून काढू शकत असे. खेळ घरोघरी पोचविण्याची वेळ आली तेव्हा निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीस एवढा रक्तपात प्रशस्त वाटेना. म्हणून तिने आपल्या यंत्रावरील आवृत्तीत रक्ताचे तुषार काढून त्यांच्या जागी करड्या रंगाचा घाम दाखविला. सेगा ह्या प्रतिस्पर्धी कंपनीने रक्त ठेवले, पण ते एका सांकेतिक किल्लीमागे दडविले; आणि ती किल्ली आठवड्याभरात अमेरिकेतील प्रत्येक शाळकरी मुलास मुखोद्गत झाली असल्यास मला नवल वाटणार नाही. घामवाल्या आवृत्तीपेक्षा रक्तवाल्या आवृत्तीचा खप अधिक झाला. ह्यावरून अमेरिकन बालकांच्या अभिरुचीविषयी काहीही अनुमान निघो, वास्तवाच्या दृष्टीने विचार करता मे महिन्यातील बोदवडात दोन मल्ल झुंजले तर रक्ताच्या कितीतरी आधी घामच दिसेल, व निन्टेन्डोची आवृत्ती आमच्या तालुक्यापुरती तरी अधिक तथ्याला धरून होती असे माझे प्रामाणिक मत आहे. ते काही असो. ह्या खेळावरून व अशाच दुसऱ्या एकदोन खेळांवरून १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, सरकारने कायदा करण्यापूर्वी धंद्याने स्वतःच शहाणे व्हावे असा दम देण्यात आला, आणि १९९४ साली त्या धंद्याने ईएसआरबी नावाचे मूल्यमापन मंडळ स्थापन केले. तेथे ‘टी’ हे अक्षर तेरा वर्षांपुढील मुलांसाठी व ‘एम’ हे सतरा वर्षांपुढील लोकांसाठी राखून ठेवलेले आहे. युरोपाने २००३ साली पेगी नावाची आपली निराळी पद्धत काढली व ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे ठरविले. भाऊंच्या डब्यावरील १२ हा त्या युरोपीय दप्तरातला. त्याच खेळास अमेरिकेने ‘टी’ दिलेला आहे. आपल्याकडे चित्रपटांसाठी सेन्सॉर मंडळ असून आता ‘यूए’च्या पोटात ७, १३ आणि १६ अशा वयांच्या पायऱ्याही झाल्या आहेत, परंतु खेळाच्या डब्यावर जी मोहोर येते ती बहुधा ह्या परदेशी दप्तरांचीच, आणि मोबाइलवर खेळ उतरवून घेताना त्याच्या नावाशेजारी जो लहानसा आकडा दिसतो तो पुष्कळदा आयएआरसी ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रश्नावलीस खेळ तयार करणाऱ्याने दिलेल्या उत्तरांवरून ठरतो. म्हणजे जबानी आरोपीचीच. मात्र प्रश्न परके.

तथापि ह्या मंडळांना मी नावे ठेवणार नाही. त्यांनी आकड्याखाली बारीक अक्षरांत जी कलमे छापण्याची चाल पाडली आहे ती खरोखर उपयुक्त आहे, आणि शंभरातले नव्वद पालक जर काही वाचत नसतील तर ती बारीक अक्षरेच. व्यंगचित्री हिंसा, सौम्य रक्तपात, अर्वाच्य भाषा, सूचक प्रसंग, मद्याचा उल्लेख, तंबाखूचे सेवन, जुगाराचे अनुकरण, खेळात होणारी खरेदी, अशी ती कलमे असतात. आणि आकडा एकच असला तरी त्या आकड्यामागे कोणते कलम लागले आहे ह्यावर सारा निर्णय अवलंबून असतो, कारण एका घरास तंबाखू चालते पण शिवी चालत नाही, व दुसऱ्या घरात नेमके उलट असते. मी हा कलमांचा तक्ता भाऊंच्या मंडळींना वाचून दाखवीत असता शेजारचे एक कीर्तनश्रवणप्रिय वृद्ध तेथे बसले होते. त्यांनी ‘शिव शिव’ म्हटल्यावर माझ्या मनात एक दुष्ट कल्पना आली, व श्रावणात आपण ज्या महाभारताच्या निरूपणास नातवंडांना मांडीवर घेऊन बसतो त्यासच ही कलमे मी लावून पाहिली. जरासंधाची मधोमध चिरलेली दोन शकले, ती पुन्हा जुळू नयेत म्हणून विरुद्ध दिशांना फेकलेली. कीचकाच्या देहाचा केलेला मांसाचा गोळा. दुःशासनाची फोडलेली छाती आणि ते पुढचे वर्णन. भर सभेतील वस्त्रहरण. आणि द्यूतपर्वात तर जुगाराचे अनुकरण नव्हे, खुद्द जुगार, तोही राज्य, भाऊ व पत्नी पणास लावून. युरोपच्या मंडळापुढे हा ग्रंथ गेला असता तर १८ हा आकडासुद्धा त्यास अपुरा पडला असता. गंमत अशी की, हाच युक्तिवाद निराळ्या ग्रंथांच्या आधारे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केलेला आहे. हिंसक खेळ मुलांना विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा त्या न्यायालयाने २०११ साली सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला, आणि निकालपत्रात ग्रिम बंधूंच्या परीकथांपासून होमरच्या महाकाव्यापर्यंत मुलांच्या वाचनातील रक्तपाताची यादीच दिली. आमच्या वृद्धांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तरी त्यांनी महाभारत वाचलं नव्हतं.”

अशी पूर्वतयारी झाल्यावर एका दुपारी मी भाऊंच्या घरी पाहणीस गेलो. मुलाने मला मानाची खुर्ची दिली, पंख्याची दिशा माझ्याकडे केली आणि सामना सुरू केला. एका बाजूस तीन योद्धे, दुसऱ्या बाजूस तीन. एक दमला की दुसरा उडी मारून आत येतो. ते हवेत उडतात, तळहातांतून निळ्या ज्वाळा सोडतात, एकमेकांस डोंगरांतून आरपार फेकतात. डोंगर कोसळतो, आणि फेकला गेलेला मनुष्य धूळ झटकून पुन्हा उभा राहतो. मी मुलास विचारले, “ह्यात मरते कोण?” तो म्हणाला, “कोणीच नाही आबा. पुढल्या डावाले सगळे पुन्हा उभे राह्यतात.” दुसरा प्रश्न मी असा विचारला की, एक मनुष्य डोंगर फोडतो ही गोष्ट त्यास खरी वाटते काय? त्यावर त्याने माझ्याकडे ज्या अनुकंपेने पाहिले तीत माझ्या वयाचा पूर्ण विचार केलेला होता. “आबा,” तो म्हणाला, “जत्रेत भगत एकटा बारा गाड्या ओढते, ते तुमाले खरं वाटते ना?” आमच्या जळगाव जिल्ह्यात गावोगावच्या यात्रांत एकमेकींस जोडलेल्या, माणसांनी लादलेल्या बारा बैलगाड्या एक भगत दैवताचे नाव घेऊन ओढतो, व त्या मी लहानपणापासून पाहात आलो आहे, सबब हा प्रश्न अप्रस्तुत ठरवून मी पंचनाम्यातून वगळला.

पंचनाम्यात प्रथम आरोपीची वंशावळ नोंदविणे आवश्यक होते, आणि ती नोंदविताना जे उघडकीस आले ते ह्या प्रकरणातील सर्वांत मनोरंजक प्रकरण होय. ह्या खेळाचा नायक गोकू. तो अकिरा तोरियामा ह्या जपानी चित्रकाराने १९८४ साली एका साप्ताहिकातील चित्रकथेत जन्मास घातला. शेपूट, हाती वाढणारी काठी आणि बसण्यास ढग, हे त्याचे बालपणीचे सामान; आणि हे सर्व सामान चिनी भाषेतील ‘पश्चिमयात्रा’ ह्या सोळाव्या शतकातील कादंबरीतल्या सुन वूकाँग नामक वानरवीराकडून वारशाने आलेले आहे. हा वानरवीर त्या कादंबरीत ज्याचा शिष्य व अंगरक्षक म्हणून निघतो तो यात्रेकरू म्हणजे दुसरा तिसरा कोणी नसून शाळेच्या पुस्तकातून आपल्या परिचयाचा झालेला ह्यूएन-त्संग होय. हू शि ह्या चिनी पंडिताने तर ह्या वानराचे मूळ आपल्या हनुमंतातच शोधले. लू शुन ह्या दुसऱ्या थोर लेखकास ते मान्य झाले नाही, व हा वाद पुढेही चालू राहिला. मी निर्णय देत नाही. परंतु आमच्या तालुक्यातील शिरसाळ्याच्या मारुतीस दर शनिवारी जी अलोट गर्दी लोटते तीत भाऊ व त्यांची मंडळी हमखास असतात. आणि ज्या घरातून शनिवारी मारुतीस तेल जाते त्या घराने उड्डाण करणाऱ्या, पर्वत हलविणाऱ्या, पुच्छधारी वीरास परका ठरवून हाकलून द्यावे, हे निदान वारसाहक्काच्या कायद्यास धरून होणार नाही, असा शेरा मी मारून ठेवला.

शिवाय गोकूच्या पूर्वजाचे हे गुरुजी सातव्या शतकात आमच्याकडे येऊन गेलेले आहेत. पुलकेशीच्या राज्याचे वर्णन त्यांनी केले आहे, आणि डोंगरातल्या ज्या विहाराविषयी त्यांनी लिहिले तो बोदवडाहून फारसा दूर नसलेला अजिंठाच असे बहुतेक विद्वान मानतात. ह्या सज्जन यात्रेकरूने आपल्या पूर्वजांविषयी काय लिहून ठेवले आहे? ते म्हणतात की, हे लोक सरळ पण मानी आहेत. सूड घ्यावयाचा असेल तर शत्रूस आधी इशारा देतात आणि दोघेही सशस्त्र झाल्यावरच भिडतात. हरलेल्या सेनापतीस शिक्षा करीत नाहीत, तर स्त्रीची वस्त्रे पाठवितात. आणि युद्धापूर्वी योद्ध्यांस व हत्तींस मद्य पाजतात. हे वाचून मी चष्मा पुसला. इशारा, सिद्धता, झुंज आणि पराभूताची अप्रतिष्ठा हा क्रम ह्या खेळात जसाच्या तसा आहे; फरक एवढाच की, खेळातील एकही हत्ती मद्यपान करीत नाही. म्हणजे ह्यूएन-त्संगाने पाहिलेला महाराष्ट्र डब्यात घालून विकावयाचा म्हटले तर त्यावर मद्यसेवनाचे कलम वाढवावे लागेल, व तो आपल्या मुलांना दाखवावा की नाही असा प्रश्न जपानातील पालकांस पडेल.

परदेशी चित्रांचा हा उपद्रव नवा आहे, असे भाऊंचे एक म्हणणे होते. मी त्यांस १९९३ सालातील रविवारची आठवण करून दिली, जेव्हा दूरदर्शनवर मोगली लागला की बोदवडातील रस्ते ओस पडत आणि चड्डीतल्या फुलाविषयीचे ते गीत स्वतः भाऊ भसाड्या आवाजात म्हणत. ती मालिका निप्पोन ॲनिमेशन ह्या जपानी मंडळीने काढलेली होती. गोकू आणि मोगली एकाच देशाच्या कारागिरीतून उतरलेले आहेत. त्याच सुमारास युगो साको ह्या जपानी दिग्दर्शकाने आपले राम मोहन ह्यांच्या सहकार्याने रामकथेवरचा चित्रपट पूर्ण केला, व तो २०२५ च्या जानेवारीत पुन्हा चित्रगृहांत आला तेव्हा जे पालक मुलांना घेऊन गेले त्यांनी रावणवधापूर्वी डब्यावरील आकडा तपासल्याचे माझ्या ऐकिवात नाही. देश पाहून निकाल देता येत नाही. आणि ‘जपानी चित्रे म्हणजे लहान मुलांची’ हा त्याच्या उलट दिशेचा समजही तितकाच घातक आहे. ह्याच धाटणीच्या मोठ्या डोळ्यांच्या बाहुल्या वापरून ‘डेड ऑर अलाइव्ह’ नावाची एक मालिका १९९६ पासून चालू आहे. तीत कारागिरांनी मल्लविद्येइतकेच परिश्रम नायिकांच्या वस्त्रांच्या तुटवड्यावर घेतलेले दिसतात. गोणपाट दोन्हींचे सारखेच रंगीत. हात घातल्यावाचून कवडी कोणती ते कळत नाही.

हात घालण्याची माझी पाहणी पुढे चालू असता ‘ड्रॅगन बॉल’मधील खरा संशयित इसम अखेर सापडला. तो गोकू नव्हे, त्याचे वैरीही नव्हेत. तो म्हणजे मास्टर रोशी नामक वयोवृद्ध गुरुजी: टक्कल, पांढरी दाढी, पाठीवर कासवाचे कवच, विद्येत पारंगत, आणि तरुण स्त्री दिसली की दृष्टीवरचा ताबा सुटलेला. ह्या खेळात तो आरंभी नव्हता. २०२० साली पैसे घेऊन वेगळा विकण्यात आला. डोंगर फोडणाऱ्या तरुणांपासून मुलांस कोणताही अपाय संभवत नसून जपावयाचे असेल तर ते एका म्हाताऱ्यापासून, हा निष्कर्ष पंचनाम्यात लिहिताना माझा हात किंचित थबकला, व उपस्थित वृद्धांनीही त्यावर सही करण्यास नकार दिला. परंतु पालकांनी घ्यावयाची खबरदारी नेमकी हीच आहे. मुलगा ठोशांकडून ठोसे शिकत नाही, कारण ठोसा खोटा आहे हे त्यास ठाऊक असते; पण विनोदाच्या मिषाने दाखविलेल्या वर्तनास कोणी खोटे म्हणत नाही, म्हणून ते बिनविरोध आत शिरते. अशा वेळी पडदा बंद करण्यापेक्षा आईने शेजारी बसून “हा म्हातारा मेला चावट आहे” एवढे मोठ्याने म्हणावे. भाऊंच्या मंडळींनी ते म्हटले, आणि मुलाने लाजून मान डोलावली. असला उपाय कोणत्याही मंडळाच्या तक्त्यात नाही.

उरली तीन कलमे, आणि ती खेळाच्या पडद्यावर दिसत नसल्यामुळे त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिले पैशाचे. डबा एकदा विकत घेतला की व्यवहार संपतो ही आपली जुनी समजूत. आता योद्धे सुटे विकतात, आणि मोबाइलवरील कित्येक खेळांत तर हवा तो योद्धा मिळेल की नाही हे न सांगता पैसे घेऊन चिठ्ठी काढावयास लावतात. आमच्याकडे आखाजीस पत्त्यांचे डाव बसतात व त्यातील हारजीत निदान डोळ्यांसमोर तरी होते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, पण योद्ध्यांची चिठ्ठी हा सौदा निराळा. सबब आईच्या मोबाइलचा पैसे देण्याचा पिन हा तिजोरीच्या किल्लीप्रमाणे कमरेस असावा. दुसरे कलम अनोळखी लोकांचे. यंत्र इंटरनेटास जोडले की समोरचा योद्धा कोण कोठून खेळवीत आहे व तो कानात काय बोलेल ह्याचा नेम राहात नाही. आणि ह्या बाबतीत अमेरिकन मंडळ स्वतःच डब्यावर कबूल करते की, ऑनलाइन परस्परव्यवहाराचे मूल्यमापन आम्ही केलेले नाही. इतका प्रामाणिक शेरा मी माझ्या उभ्या नोकरीत कोणत्याही कागदावर पाहिला नाही. हा संवाद बंद ठेवण्याची सोय यंत्रातच असते व ती तेरा वर्षांच्या मुलास दोन मिनिटांत दाखविता येते. दाखविण्यास त्याने नकार दिला तर पंचनामा पुन्हा उघडावा.

तिसरे कलम वेळेचे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या यादीत खेळाच्या व्यसनास २०१९ साली मान्यता दिली, परंतु त्याची लक्षणे वाचली असता उन्हाळ्याच्या सुट्टीतील दोन तास त्यांत बसत नाहीत: स्वतःवरचा ताबा जाणे, जेवण, झोप, अभ्यास ह्या सर्वांपुढे खेळास मान देणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे सारे सहसा वर्षभर चालणे, ह्यास ते व्यसन म्हणतात. मल्लयुद्धाच्या खेळाचा एक गुण असा की, त्याचा डाव काही मिनिटांत संपतो. “हा डाव झाला की ऊठ” ह्या आज्ञेस तेथे खरोखर अर्थ असतो, तर राज्ये वसविण्याच्या खेळांत तो डाव कधीच होत नाही. आणि हिंसेचा प्रश्न म्हणाल तर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या जबान्या घेतल्या, तेव्हा हिंसक खेळांवर घालविलेला वेळ आणि मुलांचे आक्रमक वर्तन ह्यांत त्यांना संबंध आढळला नाही. मात्र हरल्यावर चडफडणे व प्रतिस्पर्ध्यास टाकून बोलणे खेळात घडू शकते, हे त्यांनीही नाकारले नाही.

एवढी तहकीकात झाल्यावर मी फैसला लिहिला, तो असा: सबब हुकूम की, मजकूर खेळ मजकूर मुलाने रोज दुपारी दोन तास, खोलीचे दार उघडे ठेवून खेळावा, अनोळखी इसमांशी संवाद बंद असावा, नवा योद्धा विकत घेणे झाल्यास आईची लेखी मंजुरी घ्यावी, हरल्यास हातातील कंट्रोलर भिंतीवर आपटू नये, भारनियमनामुळे अर्धवट राहिलेल्या डावाची भरपाई मागता येणार नाही, आणि डब्यावरील आकड्यावर विसंबून न राहता पित्याने दर रविवारी मुलाशेजारी बसून निदान एक सामना स्वतः खेळावा, म्हणजे आपण कशास परवानगी दिली हे त्यास प्रत्यक्ष कळेल. उभयतांनी तो मान्य केला आणि मी प्रकरण दप्तरी दाखल केले.

शेवटच्या कलमाची अंमलबजावणी पहिल्याच रविवारी झाली. भाऊ मुलाकडून हरले. पुन्हा खेळले, पुन्हा हरले. मग त्यांच्या मंडळींनी, कोणते बटन कशाचे हे न विचारता सर्व बटने एकदम दाबून भाऊंना सलग तीनदा लोळविले. त्यानंतर भाऊंच्या मुखातून जी वचने बाहेर पडली ती आळीच्या टोकापर्यंत ऐकू आली, आणि ती डब्यावरच्या कोणत्याही कलमात समाविष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने माझ्या ओट्यावर रीतसर अर्ज आणून दिला. विषय: प्रस्तुत खेळ वडिलांस योग्य आहे किंवा कसे, याबाबत. अर्ज मी दाखल करून घेतला असून चौकशी चालू आहे. वडिलांचे वय सेहेचाळीस असल्याबद्दलचा पुरावा अर्जासोबत जोडलेला आहे, परंतु केवळ १२ च्या आकड्यापुढे चौतीस वर्षे शिल्लक राहतात एवढ्यावरून त्यांस खेळण्याची परवानगी देता येईल असे मला वाटत नाही.